पहिली धावणारी ओकुदा-सान

मानामी ओकुदा हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. ती जपानकडून एकशे एकवीस आंतरराष्ट्रीय सामने खेळली, पण ओसाकाच्या ज्या कंपनीत ती नोकरीला होती तिथल्या निम्म्या लोकांना ती बर्फावरची हॉकी खेळते असंच शेवटपर्यंत वाटत राहिलं. सेक्शनचे प्रमुख दर हिवाळ्यात तिला विचारायचे, "काय ओकुदा-सान, आता तुमचा सीझन जोरात असेल, नाही?" आणि ओकुदा-सान दर हिवाळ्यात हसून मान लववायची, "हो, तुमच्या कृपेनं." समोरच्याची चूक दाखवून त्याला ओशाळं करणं तिला जन्मात जमलं नाही.

तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची सुप्रभा खांबेटे. माहेर वाईचं, कॉलेज पुण्याचं. नवरा विनायक ओसाकाच्या एका विद्यापीठात रसायनशास्त्राच्या संशोधनाला आला, त्याच्या मागोमाग ही आली, जपानी शिकली आणि पंप बनवणाऱ्या या कंपनीच्या परदेश विभागात चिकटली. कंपनीचा स्वतःचा महिला हॉकी संघ होता. संघ परदेशी निघाला की व्हिसाचे फॉर्म, विमा, नियमांची पत्रकं असे सगळे इंग्रजी कागद सुप्रभाच्या ट्रेमध्ये येऊन पडत. पहिल्याच दिवशी ओकुदा-सान हॉकी खेळते हे कळल्यावर सुप्रभानं सहज विचारलं, "डिफेन्सला की फॉरवर्डला?" शाळेत असताना सुप्रभा स्वतः दोन वर्षं हॉकी खेळली होती, म्हणजे स्टिक घेऊन मैदानाच्या कडेकडेनं पळाली होती. पण त्या ऑफिसात इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ओकुदा-साननं खुर्ची पूर्ण वळवली आणि म्हणाली, "डिफेन्सला. तुम्हाला खरंच माहितीये?" तिथून दोघींचं जमलं ते सात वर्षं जमलेलंच राहिलं.

ओकुदा-सान तोयामाकडच्या एका बर्फाळ गावातली. तिथं कधीकाळी राष्ट्रीय क्रीडास्पर्धेतली हॉकी भरली होती, त्यासाठी मैदान बांधलं गेलं, स्पर्धा संपली आणि मैदान गावाच्या पदरात राहिलं. मैदान आहे म्हणून शाळेनं हॉकी शिकवायची आणि शाळा शिकवते म्हणून पोरांनी खेळायची. वडील खिडक्यांच्या अॅल्युमिनियमच्या चौकटी बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. मुलगी नवव्या वर्षी स्टिक घेऊन घरी आली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की हे बर्फ पडल्यावरही चालतं का. एकोणिसाव्या वर्षी ती मलेशियात जपानकडून पहिला सामना खेळली. खेळली म्हणजे चार मिनिटं मैदानात होती, आणि त्या चार मिनिटांत चेंडू तिच्याकडे एकदाच आला. पुढच्या बारा वर्षांत मोडलेलं बोट, भुवईवर अकरा टाके, दोन मोठ्या जागतिक स्पर्धा आणि त्यातल्या एकीत नुसतं राखीव म्हणून बाकावर बसणं, असा सगळा जमाखर्च.

तिचं खरं काम मात्र निराळं होतं. पेनल्टी कॉर्नर मिळाला की समोरचा संघ गोलावर सरळ फटका मारायला उभा राहतो. बचाव करणाऱ्यांपैकी एकीनं गोलरेषेवरून सुटायचं आणि मारणारीच्या थेट अंगावर धावायचं. चेंडू मोटारीच्या वेगानं येतो. तो आपल्याला लागावा आणि गोलात जाऊ नये, एवढाच त्या धावण्याचा हेतू. तोंडावर मास्क, गुडघ्यांना पॅड, बाकीचं शरीर देवाच्या हवाली. जपानच्या संघात ही पहिली धावणारी म्हणजे ओकुदा-सान. सुप्रभा मोबाइलवर सामना बघायची आणि कॉर्नर आला की फोन उलटा ठेवायची. मग शेजारी बसलेली तन्वी, तिची अकरा वर्षांची मुलगी, जपानीत सांगायची, "झालं. लागला. उठली."

आणि सोमवारी हीच बाई साडेआठला टेबलावर. मालाच्या पेट्यांवरची लेबलं तपासायची, साडेबाराला सायकल काढायची आणि सरावाला जायची. परदेशातून आली की बिस्किटांचा खोका घेऊन टेबलाटेबलाशी वाकायची, "गैरहजर राहून तुम्हाला त्रास दिला." जांघेवर वाटीएवढा काळानिळा डाग, आणि माफी हीच मागणार. सुप्रभाला या गोष्टीचा भयंकर राग यायचा. तो राग ती डब्यातून काढायची. थालीपीठ, तिळाचे लाडू, गुळपोळी, काही ना काही ओकुदा-सानच्या टेबलावर रोज सरकवलेलं असायचं. डबा धुऊन परत यायचा आणि त्यात काहीतरी घातलेलं असायचं, एखादं संत्रं, तांदळाच्या चार चकत्या. भरल्या हातानं आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत वाईलाही आणि तोयामालाही.

फक्त एका बाबतीत ओकुदा-सान कडक होती. औषध. संघाच्या डॉक्टरांनी ऑफिसातल्या विश्रांतीच्या खोलीतसुद्धा एक तक्ता लावून ठेवला होता. सर्दीच्या कुठल्या गोळ्या चालत नाहीत, कुठलं सिरप चालत नाही. अगदी घरोघरी घेतात ते कक्कोन्तो नावाचं झाडपाल्याचं सर्दीचं औषधही त्यात होतं, कारण त्यात माओ नावाची वनस्पती असते आणि सामन्याच्या दिवशी ती लघवीत सापडली की खेळाडू संपला. कुणी दिलं, का दिलं, कोणी विचारत नाही. अंगात सापडलं ना, मग दोष तुझा.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी ओसाकाच्या उत्तरेला आशियाई पात्रता स्पर्धा होती. एकतीस वर्षांच्या ओकुदा-सानची ही शेवटची. एप्रिलपासून गावच्या शाळेनं तिला हॉकीची प्रशिक्षक म्हणून बोलावलं होतं, त्याच मैदानावर. आईनं तिची जुनी खोली रंगवून ठेवली होती. आणि पहिल्या सामन्याच्या तीन दिवस आधी, बुधवारी, ओकुदा-सान ऑफिसात आली ती मास्क लावून, डोळे सुजलेले, आवाज बसलेला. "सरावात श्वास पुरत नाही," ती हळूच सुप्रभाला म्हणाली. "कोचना अजून सांगितलं नाही. माझ्या जागेसाठी एक मुलगी तयार आहे." तेवढ्यात सेक्शनप्रमुखांनी खणातून कक्कोन्तोची पुडी काढली. ओकुदा-साननं दोन्ही हात जोडून ती परत केली.

सुप्रभा हे बघत होती. तिनं दुसऱ्याच क्षणी ठरवलं, काढा.

आता इथं सुप्रभाला नावं ठेवण्याआधी जरा आपापल्या घरात डोकावावं. आपल्याकडे औषध म्हणजे काय? जे डॉक्टर लिहून देतो, ज्याला चांदीचा कागद असतो. वडिलांनी स्वतः कुटून, कपड्यातून गाळून, लोणच्याच्या जुन्या बरणीत भरून पाठवलेली पूड ही औषध नव्हेच. ते घरचं. सुप्रभाचे वडील पंढरीनाथ वाईत चाळीस वर्षं वैद्यकी करत होते आणि त्यांची सर्दीची पूड त्यांच्या चारही नातवंडांनी दुधाबरोबरच प्यायली होती. गुरुवारी सकाळी सुप्रभानं ती आल्यात, गुळात उकळली, थर्मासमध्ये भरली आणि ओकुदा-सानच्या टेबलावर ठेवली. "हे औषध नाही हां. चहासारखंच आहे. आलं, मिरी, ज्येष्ठमध. गरम गरम प्या." आणि ती मीटिंगला गेली. दुपारी थर्मास धुतलेला, पुसलेला परत आला. सोबत चिठ्ठी, "फार चवदार होतं." शुक्रवारी ओकुदा-सान हॉटेलवर संघात दाखल व्हायची होती. जाताना ऑफिसात दोन मिनिटं आली, तर आवाज पुष्कळ मोकळा झालेला. सुप्रभानं पुन्हा थर्मास तिच्या हातात कोंबला. आपल्या हाताला गुण आहे म्हणून बाई दिवसभर खुशीत होती.

संध्याकाळी घरी तन्वीनं शिंकायला सुरुवात केली. सुप्रभानं पेला पुढे केला तर मुलगी जपानीत म्हणाली, "यात काय काय आहे ते आधी सांग. आमच्या बाई म्हणतात, पाकिटावर मागे वाचल्याशिवाय काही खायचं नाही."

"पाकीट नाहीये त्याला. आजोबांनी केलंय."

"मग आजोबांना विचार."

सुप्रभा हसली आणि वाईला फोन लावला. तिकडे दुपार होती. पंढरीनाथ वामकुक्षी संपवून बसले होते, विचारणारं कुणी भेटलं म्हणून खूश झाले. "लिहून घे. सुंठ, मिरी, पिंपळी. अडुळसा, तो आपल्या परसातला. ज्येष्ठमध. थोडी दालचिनी. आणि सोमलता, तीच खरी. छाती मोकळी करते ती सोमलता."

"सोमलता म्हणजे काय हो, बाबा?"

"हिमालयातून येते. दम्याला उत्तम. चिनी वैद्यही वापरतात तीच, ते मा हुआंग म्हणतात. तिकडे जपानातही असेल की. का गं?"

विश्रांतीच्या खोलीतला तक्ता तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला होता. माओ ही दोन चिनी अक्षरं तिनं त्या तक्त्यावर सात वर्षं रोज वाचली होती, आणि चिनी लोक तीच दोन अक्षरं मा हुआंग अशी वाचतात हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"का गं, सुपू? मुलीला गुण येत नाहीये का?"

"येतोय, बाबा. छान गुण येतोय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

विनायक घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरात बरणी समोर घेऊन बसलेली. त्यानं ऐकून घेतलं, बरणीत बोट घातलं, वास घेतला. "एफेड्रिन असणार यात, तेच बंदी घातलेलं," तो म्हणाला. "किती असेल ते सांगता येत नाही. बाबा काय मोजून घालतात का?" मग कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा त्या वेळापत्रकाच्या मागच्या बाजूला त्यानं आकडेमोड केली. पहिला डोस गुरुवारी, दुसरा आज सकाळी. उद्या दुपारी सामना. "बहुतेक तोपर्यंत उतरलेलं असेल. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय, विनायक?"

"म्हणजे तिनं पाणी किती प्यायलं, पूड किती होती, हे माहीत नसताना मी याहून जास्त बोलू शकत नाही. पण एक सांगू? तिला सांगू नकोस. उद्या सामना आहे. सांगून तिचं डोकं फिरवण्यात काय मिळणार?"

तन्वी दारात उभी राहून ऐकत होती. ती या वेळी मराठीत बोलली. "सांगायलाच पाहिजे. तिच्या पोटात काय आहे ते तिला माहीत पाहिजे ना."

सुप्रभानं फोन हातात घेतला. संदेश लिहिला आणि खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. नाही सांगितलं तर सामन्यानंतर लघवीच्या चाचणीसाठी चिठ्ठी तिच्याच नावाची निघू शकते. सांगितलं तर तिची आजची रात्र गेली आणि उद्याचा खेळही गेला. आणि बंदी आली तर खेळापुरती येत नाही. प्रशिक्षक म्हणून मैदानावर उभंही राहता येत नाही. गावची शाळा, ते मैदान, रंगवलेली खोली, सगळं एका थर्मासपायी. सुप्रभानं स्वतःला जितक्या शिव्या घातल्या तितक्या आयुष्यात कुणाला घातल्या नव्हत्या. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे तिनं ठरवलं, की जे सांगायचं ते तोंडावर सांगायचं.

सामन्याच्या दीड तास आधी संघ बसमधून उतरून कुंपणाशेजारून मैदानावर जातो. तिथं खेळाडूंच्या घरचे लोक उभे राहून हात हलवतात. सुप्रभा तासभर आधीच जाऊन उभी. ओकुदा-सान दिसल्याबरोबर तिनं हाक मारली. ओकुदा-सान रांगेतून बाहेर आली. कुंपणाच्या जाळीतून सुप्रभानं सगळं सांगितलं, एका दमात, जपानीची वाट लावत. काय काय घातलं होतं तेही एकेक नाव घेऊन. "माओ आहे त्यात. मला ठाऊक नव्हतं. देवाशप्पथ मला ठाऊक नव्हतं."

ओकुदा-साननं जाळीवरच्या सुप्रभाच्या हातांकडे पाहिलं. मग तिनं खोल वाकून माफी मागितली.

"सुप्रभा-सान, माफ करा. मी तो प्यायले नाही. दोन्ही दिवस बेसिनमध्ये ओतला. मी बाहेरचं काही पोटात जाऊ देत नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून चिठ्ठी लिहिली. खरंच माफ करा."

सुप्रभाच्या छातीवरचा धोंडाच उतरला. ती जाळीला धरून रडली, हसली, "ओतला? बरं केलंत, फार बरं केलंत," असं मराठीत म्हणाली. ओकुदा-सान पुन्हा वाकली आणि रांगेत पळाली.

कोरियाविरुद्धचा तो सामना जपाननं दोन-एकनं जिंकला. पाच पेनल्टी कॉर्नर आले आणि पाचही वेळा ओकुदा-सान धावली. चौथ्या वेळी चेंडू मांडीवर बसला तो आवाज प्रेक्षकांत ऐकू आला. सामना संपल्यावर चाचणीसाठी दोन खेळाडूंच्या चिठ्ठ्या निघाल्या, त्यातली एक ओकुदा-सानची. अंगावर पिवळं जाकीट चढवलेली एक बाई तिच्या सावलीसारखी मागे चालू लागली. सुप्रभानं ते पाहिलं आणि आरामात डब्यातला भात उघडला. कशाला घाबरायचं? तिनं प्यायलंय कुठे!

घरी जाताना ट्रेनमध्ये मात्र दुसरंच डोक्यात घुसलं. बाहेरचं काही पोटात जाऊ देत नाही? मग सात वर्षांचे लाडू? थालीपिठं? गुळपोळ्या? संक्रांतीला पहाटे उठून लाटलेल्या त्या पोळ्या हिनं कुठल्या कचऱ्यात टाकल्या, जळणाऱ्या की न जळणाऱ्या? मनाला लागेल अशी गोष्ट माणूस पुरावा न मागता खरी मानतं. सुप्रभानं मानली.

जपान पात्र ठरलं. स्पर्धेनंतर ओकुदा-सान ऑफिसात आली, बिस्किटांचा खोका घेऊन वाकत फिरली. सुप्रभानं अभिनंदन केलं, बिस्किट घेतलं आणि स्क्रीनकडे वळली. डबा बंद झाला. "आज काही आणलं नाही, घाई होती," असं ती दोन दिवस म्हणाली. तिसऱ्या दिवसापासून तेही म्हणाली नाही. दुपारी एकटीच कँटीनमध्ये जाऊन बसायची. ओकुदा-सान रोज सकाळी हसून नमस्कार करायची, हिचा परतीचा नमस्कार जेमतेम असायचा. सेक्शनप्रमुखांच्या टेबलावरचा फोन वाजला की ओकुदा-सान दचकून मान वर करते, डाक आली की खाली जाऊन येते, हे सुप्रभाला दिसत होतं. निवृत्तीचे दिवस आहेत, होत असेल चलबिचल, म्हणून तिनं सोडून दिलं. आपण कशाला विचारायचं? आपलं आहेच कोण तिथं?

त्या सामन्यानंतर एकविसाव्या दिवशी संघाच्या व्यवस्थापकांनी स्पर्धेच्या कागदांचा गठ्ठा सुप्रभाच्या ट्रेमध्ये ठेवला. इंग्रजी तपासायचं आणि फाइलला लावायचं, नेहमीचं काम. विमा, हॉटेल, प्रवास. मग चाचणीच्या फॉर्मची प्रत. खेळाडूंची प्रत कंपनीच्या फाइलला राहावी असा त्यांचा नियम होता. त्यात एक चौकट असते, गेल्या सात दिवसांत काय काय घेतलं ते खेळाडूनं स्वतः लिहायचं. लपवलं तर तोही गुन्हा. चौकटीत ओकुदा-सानचं शाळकरी, गोल गोल इंग्रजी अक्षर होतं.

भारतीय वनस्पतींचं गरम पेय, घरी केलेलं. गुरुवारी दोन कप, शुक्रवारी दोन कप. आलं, गूळ, सुंठ, मिरी, पिंपळी, अडुळसा, ज्येष्ठमध, दालचिनी. सोमलता (माओ).

सुप्रभानं ते तीनदा वाचलं. जाळीतून तिनं ज्या क्रमानं नावं सांगितली होती त्याच क्रमानं ती होती. पेय कुणी दिलं, हे मात्र कुठेच नव्हतं.

ती उठली. साडेबाराला पाच मिनिटं कमी होती. ओकुदा-सान लेबलांचा शेवटचा गठ्ठा बांधत होती. सुप्रभानं कागद तिच्यासमोर ठेवला आणि स्टूल ओढून बसली.

ओकुदा-साननं कागद पाहिला. "अरेरे," ती म्हणाली. "हे तुमच्याकडे येतं हे मी विसरलेच."

"प्यायला होतात."

"थेंबही ठेवला नव्हता. श्वास पुरत नव्हता ना. आणि सात वर्षं तुमच्या हातचं खातेय, कधी मनात आलं नाही."

"आणि खेळलात?"

"तुम्ही सांगितल्यावर पाच मिनिटांत डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, उतरलं असावं, खात्री देता येत नाही, खेळायचं की नाही ते तू ठरव. मी ठरवलं."

"मग मला का सांगितलंत तसं? बेसिनमध्ये ओतला म्हणून?" सुप्रभाचा आवाज चढला. दोनचार माना वळल्या. त्या ऑफिसात असा आवाज चढत नसे. "तीन आठवडे मी तुमच्याशी नीट बोललेसुद्धा नाही! लाडू फेकले म्हणून रुसून बसले होते मी! आणि तुम्ही रोज सकाळी हसून नमस्कार करत होतात!"

ओकुदा-साननं मान खाली घातली. "जाळीपलीकडे तुमचे हात थरथरत होते," ती म्हणाली. "वाटलं, पत्र आलं तर मी एकटी खेळातून जाईन. तुम्ही मात्र जन्मभर स्वयंपाकघरात उभं राहून तेच आठवत बसाल. म्हणून म्हटलं, निदान निकाल लागेपर्यंत एकीनं घाबरलेलं पुरे. माझं काय, मला सवय आहे."

सुप्रभाला तिला एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली, आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्हींपैकी तिनं काहीच केलं नाही. "किती दिवस लागतात?" तिनं विचारलं.

"तीस दिवसांत काही आलं नाही तर काही नाही असं समजायचं, असं डॉक्टर म्हणाले. अजून नऊ राहिलेत."

"मग नऊ दिवस दोघी," सुप्रभा म्हणाली.

ते नऊ दिवस कसे गेले हे त्या दोघींनाच माहीत. डाक आली की दोघी खाली जायच्या. फोन वाजला की दोघींच्या माना वर. पंढरीनाथांचा वाईहून फोन आला, की अजून एक बरणी पाठवू का, तर सुप्रभानं "नको" इतकं जोरात म्हटलं की म्हातारा चार दिवस रुसला. सत्ताविसाव्या दिवशी हॉकी महासंघाचा शिक्का असलेलं पाकीट आलं. लिफ्टमध्ये ओकुदा-सानला ते फोडता येईना. सुप्रभानं फोडलं. आत निवृत्तीनिमित्त आभाराचं पत्र होतं, बारा वर्षांच्या सेवेबद्दल. दोघी लिफ्टच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, तळमजला येऊन दार उघडून बंद झालं तरी तशाच.

तिसाव्या दिवशी ओकुदा-सानचं टेबल रिकामं करायचं होतं. संध्याकाळी साडेपाचपर्यंत डाक आली नाही. फोन आला नाही. ओकुदा-साननं महासंघाच्या कचेरीत डॉक्टरांना फोन लावला, "हो", "हो", "कळलं", "आभारी आहे," असं चारदा म्हटलं आणि फोन खाली ठेवला.

"काय म्हणाले?"

"प्रयोगशाळेचा अहवाल गेल्या आठवड्यातच आला म्हणे. काही सापडलं नाही. त्यांना वाटलं, मी समजले असेन."

सेक्शनप्रमुख फुलांचा गुच्छ घेऊन उभे होते. निरोपाचं भाषण करायला त्यांनी घसा खाकरला. ओकुदा-सान वाकली, नेहमीसारखी, सगळ्यांची माफी मागायला. पण वाकली ती वर आलीच नाही. तिथंच टेबलाच्या पायाशी बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली, आवाज करून, लहान मूल हरवून सापडल्यावर रडतं तशी. बारा वर्षांत जिला चेंडू लागून कुणी रडताना पाहिलं नव्हतं, तिचे खांदे थांबत नव्हते. प्रमुखांना काय करावं सुचेना, ते गुच्छ धरून उभेच. सुप्रभा जमिनीवर बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "घाबरली होतीस ना गं," ती मराठीत म्हणाली. सात वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून एकेरी निघालं. ओकुदा-सानला शब्द कळले नसतील, पण तिनं मांडीवरूनच मान हलवली, हो, फार.